आजार ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस : बाळाची प्रतिकारशक्ती कशी सावरावी

बाळाचे जुलाब थांबले, ताप उतरला की घरातील सर्वांना हायसे वाटते आणि औषध, पथ्य, काळजी हे सारे एकदमच थांबते. बाळाच्या शरीराचे काम मात्र तेव्हा अर्धेच झालेले असते. आजारात भूक मरते, खाल्लेले आतड्यात नीट शोषले जात नाही आणि संसर्गाशी झुंजताना अंगातील प्रथिनांची व झिंकची झीज होते. ही झीज भरून निघण्याआधीच पुढचा आजार आला, तर तो अधिक दिवस रेंगाळतो. महाराष्ट्रात हा धोका मोठा आहे, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले खुजी, तर सुमारे २६ टक्के मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. कुपोषण आणि आजार यांचे हे चक्र घरच्या घरी तोडता येण्याजोगी जागा म्हणजे आजार ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस, असे माझे ठाम मत आहे.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिच्यात टी-पेशी परिपक्व होतात, आणि या पेशी रोगजंतू ओळखण्याचे व नष्ट करण्याचे काम करतात. तीव्र कुपोषणात ही ग्रंथी आक्रसते. बोलिव्हियातील कोचाबांबा येथे कुपोषित मुलांवर उपचार करताना ती अल्ट्रासाउंडने मोजली गेली, तेव्हा मुलांचे वजन सुमारे महिन्याभरात सावरले, पण ग्रंथी सावरायला दोन महिने लागले. म्हणजे मूल दिसायला ठीक झाले तरी त्याची प्रतिकारशक्ती मागेच असते. आतड्याचेही तसेच आहे: वारंवार संसर्ग झाल्याने आतल्या आवरणावरील केसासारखे सूक्ष्म उंचवटे झिजतात, अन्न शोषले जात नाही आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते.

जुलाब सुरू असतानाच तयारी करावी. अंगावरचे दूध एकही दिवस बंद करू नये. पोटाला विश्रांती द्यावी म्हणून बाळाला उपाशी ठेवणे घातक आहे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावे. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी सहा महिन्यांवरील बाळाला रोज एक आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस द्यावी. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी उरलेल्या गोळ्या सोडू नयेत. अनेक घरांत त्या फडताळात पडून राहतात, आणि मला सर्वांत जास्त खंत याचीच वाटते.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आजार गेल्यावर किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. वरणाचे वरचे पाणी पाजल्याने पोट भरते, पोषण होत नाही; म्हणून मऊ भात आणि घट्ट वरण कालवून त्यात एक चमचा तेल किंवा तूप घालावे आणि घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट ठेवावा. नाचणीच्या खिरीत शेंगदाण्याचे बारीक कूट घालता येते, आणि घरात चालत असेल तर उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. भूक कमी असेल तर थोडे थोडे, पण अधिक वेळा भरवावे. भरवण्यापूर्वी स्वतःचे आणि बाळाचेही हात साबणाने धुवावेत.

लसीकरण किरकोळ सर्दी-तापामुळे पुढे ढकलू नये. गोवराची लस तर मुळीच चुकवू नये, कारण गोवर शरीराची जुनी रोगस्मृतीच पुसतो: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांनी गोवरानंतर आपल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील प्रथिनांचा, ११ ते ७३ टक्के भाग गमावलेला आढळला. नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस घ्यावी. पहिल्या मात्रेबरोबर जीवनसत्त्व ‘अ’चा डोसही मिळतो.

पंधरा दिवसांनी अंगणवाडीत वजन करून घ्यावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरल्यावर खळगा राहिला, म्हणजे सूज असली, तर ते तीव्र कुपोषण समजावे. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई यांच्यामार्फत बाळाला लगेच आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे; सूज असेल किंवा मूल खातच नसेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करणे आवश्यक आहे.

अशा मुलाच्या बाबतीत ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असे कधीही धरू नये. त्याच्या शरीरात ताप आणण्याइतकीही ताकद उरलेली नसते. उलट अंग गार पडणे आणि मूल मलूल होणे हेच गंभीर संसर्गाचे लक्षण असू शकते. रुग्णालयात नेताना त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, डोके टोपीने झाकावे, आणि मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर वाटेत अंगावरचे दूध किंवा साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजत राहावे.