आईवडिलांनी स्टॉकहोम कसे पाहावे: बेळगाव सीमाभागातून जाणाऱ्यांसाठी

मुलगा किंवा मुलगी स्वीडनमध्ये नोकरीला लागली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आईवडिलांचा युरोपचा पहिला प्रवास स्टॉकहोमला होतो, आणि मुलांना रोज रजा मिळत नसल्यामुळे शहर पाहण्याचे काम बरेचसे त्या दोघांनाच करावे लागते. मेलारेन सरोवर आणि बाल्टिक समुद्र जिथे मिळतात, तिथे १४ बेटांवर हे शहर वसले आहे. प्रसिद्ध स्थळांची यादी घेऊन निघाल्यास तेच तेच पूल ओलांडण्यात दिवस जातो. म्हणून एका दिवशी एकच बेट, फार तर लागून असलेली दोन बेटे, असा बेत आखावा.

कर्नाटकातील शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी सुरू होतात, त्यामुळे नातवंडांना सोबत नेणाऱ्यांना मेचा उत्तरार्ध सोयीचा पडतो. त्या वेळी रात्री नऊच्या पुढेही उजेड असतो; याउलट डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. मे महिन्यातही बोटीवर बोचरा वारा लागतो, तेव्हा स्वेटरवर वारा अडवणारे जाकीट हवेच. १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी स्वीडिश लोक मध्य-उन्हाळ्याचा सण साजरा करतात आणि शहर जवळजवळ रिकामे होते. त्या दिवशी बरीच दुकाने बंद असतात, म्हणून किराणा आदल्या दिवशीच भरून ठेवावा.

स्वीडनला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांना चालणारा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा त्यासाठी आवश्यक असतो. शेतीचा उतारा जोडायचा असेल तर तो कन्नडमध्ये असणार, म्हणून त्याचे इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्यावे. सामान भरताना मात्र मन घट्ट करावे लागते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यामुळे लेकीसाठी घेतलेला कुंदा आणि घरचे तूप दोन्ही घरीच ठेवावे लागते. आंबेही रोपस्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे फळांना कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय, नेता येत नाहीत. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि पापड यांना ही अडचण नाही.

तेथील सार्वजनिक वाहतूक एसएल या संस्थेकडे आहे. तिचे २४ तास, ७२ तास किंवा सात दिवसांचे तिकीट मेट्रो, बस, ट्राम आणि युर्गोर्डन बेटाकडे जाणाऱ्या बोटीलाही चालते. ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना सवलत मिळते, म्हणून तिकीट काढताना वयाचा पर्याय जरूर पाहावा. विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तिथून सुटणारी वेगवान गाडी महाग पडते. घाई नसेल तर एसएलच्या बसने मेर्स्टा स्थानक गाठून तिथून लोकल पकडावी. रोख रक्कम अनेक ठिकाणी स्वीकारतच नाहीत, तेव्हा निघण्यापूर्वी बँकेत जाऊन कार्डाचा परदेशातील वापर चालू करून घ्यावा.

पहिला पूर्ण दिवस युर्गोर्डन बेटाला द्यावा आणि तिथे स्लुसेनच्या धक्क्यावरून बोटीने जावे, कारण शहराची मांडणी पाण्यावरूनच नीट कळते. या बेटावरील वासा संग्रहालय चुकवू नये. माझ्या मते वेळ एकाच स्थळापुरता असेल तर तेच निवडावे. वासा ही राजाची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघाली आणि सुमारे १,३०० मीटर जाऊन बुडाली. ६४ तोफा आणि त्यांचे दोन मजले यांमुळे तिचा वरचा भार फार झाला होता. वाऱ्याच्या झोताने ती कलंडली आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा जलकृमी टिकत नाही, म्हणून १९६१ मध्ये ती वर काढली तेव्हा जवळजवळ शाबूत होती. नौकेवर चढता येत नाही, पण भोवतीच्या मजल्यांवरून ती तळापासून डोलकाठीपर्यंत पाहता येते. आधी तेथील लघुपट पाहावा, मग सर्वांत खालच्या मजल्यापासून वर चढत यावे. लाकडाच्या रक्षणासाठी आत उजेड मंद आणि हवा गार ठेवलेली असते, म्हणून शाल जवळ असू द्यावी. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे.

जेवणानंतर तिथूनच पायी स्कान्सेनला जावे. आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये उघडलेल्या या मोकळ्या आवारातील संग्रहालयात स्वीडनभरातील जुनी घरे आणून पुन्हा उभारली आहेत. खानापूरकडची लाकडी खांबांची कौलारू घरे ज्यांनी वापरलेली आहेत, ते इथल्या चुलीपाशी आणि धान्याच्या कोठारापाशी हमखास रेंगाळतात. नातवंडे अर्थातच अस्वलाकडे धाव घेतील. चढ बराच आहे. गुडघे दुखत असतील तर एकाच बाजूचा भाग पाहून परतावे.

दुसऱ्या दिवशी गामला स्तान हे जुने शहर आणि पलीकडच्या कुंग्सहोल्मेन बेटावरील नगरभवन पाहावे. जुन्या शहरातील एक गल्ली शेवटी जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद उरते. स्टूरटोरयेट या चौकात नोबेल पुरस्कारांचे संग्रहालय आहे. पुढे बंगळूरू ही ज्यांची कर्मभूमी झाली, त्या सी. व्ही. रामन यांनी १९३० चा भौतिकशास्त्राचा पुरस्कार याच शहरात स्वीकारला. १९२३ मध्ये पूर्ण झालेल्या नगरभवनात दरवर्षी १० डिसेंबरला नोबेल भोजन होते. आत फक्त मार्गदर्शकासोबतच सोडतात, म्हणून इंग्रजी फेरीची वेळ आधी पाहून ठेवावी. तेथील ‘निळे दालन’ प्रत्यक्षात लाल विटांचे आहे, कारण विटा इतक्या सुंदर दिसल्या की वास्तुरचनाकाराने रंग देण्याचा विचारच सोडला.

दुपारचे जेवण कामाच्या दिवशी अकरा ते दोनच्या दरम्यान उरकावे. त्या वेळी ठरावीक थाळी मिळते, तिच्यात बहुधा सॅलड, पाव आणि कॉफी धरलेली असते. संध्याकाळी तेच जेवण बरेच महाग पडते. शाकाहारी पदार्थ मिळतो, मात्र अंडे आणि मासे चालत नसल्याचे स्पष्ट सांगावे. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

पावसाच्या दिवशी मेट्रोची स्थानकेच पाहावीत: टी-सेंट्रालेनवरील निळ्या वेली, सोल्ना सेंट्रमचे लाल छत, कुंग्सट्रेडगोर्डनचा उघडा खडक. सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळून निघावे.

एक दिवस उरल्यास द्वीपसमूहातील वॅक्सहोमला बोटीने जावे. जाताना बोट आणि येताना बस घेतली तर वेळ वाचतो. दोन्हीकडून बोटच हवी असेल, तर परतीची शेवटची बोट किती वाजता सुटते ते उतरतानाच धक्क्यावरील वेळापत्रकात पाहून घ्यावे.