हेवी लायसनची टेस्ट: गाडी नेताना या चुका टाळा

गेल्या गाळप हंगामातली गोष्ट. केज तालुक्यातला एक पोरगा हेवीच्या, म्हणजे जड वाहनाच्या लायसनच्या टेस्टला आला, तो उसानं गच्च भरलेला ट्रक घेऊनच. कारखान्यावर नंबर लागायला अवकाश होता, तेवढ्यात टेस्ट उरकून घेऊ, असा मालकाचा हिशेब. पोरगा हाताचा पक्का, तीन वर्षं पिकअप चालवलेला. टेस्ट घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "रिकामी करून आण, मग बघू." तो दिवस गेला आणि कारखान्यावरचा नंबरही गेला.

मी आधी ट्रकवर होतो, आता बीड-जालना भागात पोरांना हेवी शिकवतो. टेस्टहून हात हलवत परतणाऱ्यांतले बरेचजण स्टेअरिंगवर चुकलेले नसतात, त्यांना सोबतची गाडी नडते. महिनाभर गिअर-क्लच घोटायचा आणि गाडी कुणाची न्यायची ते आदल्या रात्री फोनवर ठरवायचं, तिथंच घोळ होतो.

चाकं मोजून गाडी ठरवणे

ज्या प्रकारच्या गाडीसाठी अर्ज, त्याच प्रकारच्या गाडीवर टेस्ट, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १५ वा नियम सांगतो. आपली माणसं मात्र मागं जोडटायर दिसले की गाडी हेवी धरतात. कायदा चाकं मोजत नाही, वजन बघतो, आणि तेही रिकाम्या गाडीचं नाही. गाडी आणि तिला पासिंगमध्ये (आरटीओच्या नोंदणीत) मंजूर झालेला माल मिळून जे होतं ते. ७,५०० किलोपर्यंत हलकं वाहन, १२,००० किलोच्या वर जड, मधलं ते मध्यम. टाटाचा छोटा ट्रक ४०७ हलक्यात जातो. त्याच्या वरची ७०९ अंगानं मोठी दिसते, पण तिचंही एकूण वजन ७,५०० च्या जेमतेम आत ठेवलेलं असतं. त्यामुळं गाडी ठरवायच्या आधी मालकाकडून आरसीचा फोटो मागवा आणि एकूण वजनाचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

यात एक गंमतही आहे. हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. म्हणजे ज्याला जन्मभर मोंढ्यातून ४०७ मध्ये सोयाबीनच न्यायचं आहे, त्यानं या टेस्टच्या मागं लागायचं कारणच नाही. एजंट हे सांगत नाहीत.

भरलेली गाडी नेणे

केजच्या पोराचं नुकसान एका दिवसावर भागलं. मालवाहू गाडीच्या विमा पॉलिसीत ड्रायव्हरबद्दल एक कलम असतं, ते कुणी वाचत नाही. कच्च्या लायसनवाला गाडी चालवू शकतो, पण अपघाताच्या वेळी गाडी मालवाहतुकीवर नसेल तरच, असं त्यात लिहिलेलं असतं. ऊस भरलेला आहे, स्टेअरिंगवर शिकाऊ आहे आणि ट्रक कुणाला धडकला, तर कंपनी हेच कलम पुढं करणार. टेस्टची गाडी रिकामीच न्या. डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात, सुटे पाइप, सळया, दगडसुद्धा नकोत. रिव्हर्स घेताना ते सरकतात आणि आवाजानं पोरगा दचकतो.

एकट्यानं गाडी चालवत मैदानावर येणे

ही चूक इतकी होते की आता मी बोलायचंही सोडलं होतं. कच्चं लायसन म्हणजे शेजारी पक्कं हेवी लायसन असलेला माणूस हवाच, आणि तोही असा बसलेला की वेळ आली तर गाडी आवरता यावी. पुढं-मागं 'एल' ची पाटी हवी: पांढऱ्यावर लाल अक्षर, पाटी किमान १८ बाय १८ सेंटिमीटर, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. खडूनं काच रंगवलेली चालत नाही. नियम मोडला तर चालवणारा अडकतोच, पण गाडी दिल्याबद्दल मालकही अडकतो. दोघांनाही ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. एवढं ऐकल्यावर मालक लोक आपणहून सोबत ड्रायव्हर पाठवतात.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मिळाली तर ती घ्या. तिला दुहेरी कंट्रोल असणं बंधनकारक आहे, त्यामुळं शेजारच्याच्या पायाखालीही ब्रेक असतो.

कागद

विमा, पीयूसी, फिटनेस, टॅक्स. गाडी नवी असताना फिटनेस दोन वर्षांनी लागतं, आठ वर्षांनंतर दरवर्षी. जुन्या ट्रकांची तारीख इथंच निसटते. टेस्टच्या आदल्या आठवड्यात गाडी नंबर टाकून ऑनलाइन बघून घ्या, मालकाच्या "सगळं ओके आहे" वर जाऊ नका.

हवा आणि हँडब्रेक

खरी परीक्षा इथं असते. पिकअपवर शिकलेल्या पोराला एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची सवय नसते. चावी फिरवली, इंजिन लागलं, गिअर टाकला आणि गाडी जागची हलेना. मग क्लच सोडून रेस वाढवतो, गाडी हिसके देते, साहेबांच्या कपाळावर आठी. झालेलं असतं एवढंच, की टाकीत हवा भरलेली नसते. बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगनं धरलेला असतो आणि हवेनं सुटतो. हवा कमी म्हणजे ब्रेक लागलेलाच. इंजिन चालू करून हवेच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत, बझर बंद होईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात आरसे लावून घ्या. तेही टेस्टमध्ये धरलं जातं.

हवा रात्रीतून उतरत असेल तर कुठंतरी गळती आहे. सोपी तपासणी अशी: सपाट जागेवर चाकाला लाकडाचा ठोकळा लावा, हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा आणि काटा बघत बसा. डोळ्यांदेखत काटा खाली येत असेल तर ती गाडी नेऊ नका, आधी मेकॅनिक गाठा. टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह सोडून साठलेलं पाणीही काढा. आणि टेस्टमध्ये ब्रेक उगाच दाबू-दाबू सोडू नका, प्रत्येक दाबाला हवा खर्च होते.

हँडब्रेकचं दुर्लक्ष त्याहून मोठं. चढावर गाडी थांबवून मागं न सरकता परत उचलायची, हे त्याच १५ व्या नियमात लिहिलेलं आहे. सपाट मैदानात शिकलेला पोरगा इथं घसरतो, आणि ब्रेकचे लायनर झिजलेल्या गाडीत उस्तादही घसरेल. मांजरसुंब्याच्या घाटात रिकामी गाडी हँडब्रेकवर थांबते का, हे आम्ही आधी बघून घेतो. उतारावर न्यूट्रल करायची सवय असेल तर ती आजच मोडा; उताराला खालचा गिअर टाकता येतो का, हेही टेस्टमध्ये बघतात.

टायर गोटा झालेलं नको, नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. पुढच्या चाकांना रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेलं) टायर मी तरी लावू देत नाही. लाइट, इंडिकेटर, वायपर, मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी बघून घ्या. काचेवरची झालर आणि लोंबणारे गोंडे त्या दिवसापुरते काढा. देवाचा फोटो असू द्या, पण आरशाच्या आड नको.

बसवाल्यांसाठी

बसचं मागचं धूड चाकाच्या बरंच मागं लोंबतं. वळताना पुढचं तोंड डावीकडं गेलं की शेपूट उजवीकडं फिरतं आणि खांब पाडतं. ट्रकवर शिकून बसवर टेस्ट देणारे इथंच चुकतात, म्हणून निदान चार दिवस त्याच बसवर सराव करा. आपत्कालीन दरवाजा उघडतो का बघा. शाळेच्या बसमध्ये तिथं हमखास जुनी सीट नाहीतर चटई कोंबलेली सापडते.

नापास झाल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी येणे

सात दिवसांच्या आत परत घेत नाहीत. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबायचं, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून ड्रायव्हिंग स्कूलमधून सुधार प्रशिक्षणही करायचं. त्यामुळं मैदानातून बाहेर पडतानाच मालकाला विचारून ठेवा, आठ दिवसांनी हीच गाडी रिकामी मिळेल का. ऊसतोड सुरू असेल तर बहुतेक नाहीच म्हणेल; मग त्याच दुपारी दुसरी गाडी बघायला लागा.