वस्तऱ्याने दाढी: आधी हात, मग धार

सलूनमध्ये हल्ली ज्याला वस्तरा म्हणतात, तो खरा वस्तरा नव्हे. ती नुसती मूठ. तिच्यात दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड बसवतात. एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून हे योग्यच आहे. पण त्यामुळे चामड्याच्या पट्ट्यावर सपासप वस्तरा फिरवणारा न्हावी आता बघायलाही मिळत नाही. मी शिकलो ते शेजारच्या अण्णांकडून. दुकान त्यांनी केव्हाच मुलाकडे सोपवलं होतं, अवजारांची धोकटी मात्र माळ्यावर जपून ठेवली होती.

मी जुन्या बाजारातून इंग्लंडमधल्या शेफिल्डचा एक वस्तरा उचलून आणला, घरच्या सुरीच्या दगडावर घासला आणि थेट गालाला लावला. दोन दिवस गाल लाल होता. अण्णांनी वस्तरा उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "हे धारेनं झालं की हातानं, कळलं का तुला?" कळलं नव्हतं. कळणारच नाही! दाढी करणं आणि धार लावणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. दोन्ही एकदम शिकायला घेतल्या की चूक कुठली हे समजत नाही. म्हणून पहिला वस्तरा जाणत्याकडून धार लावूनच घ्या आणि निदान तीन-चार महिने दगडाला हात लावू नका.

कुठला घ्यावा

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. ५/८ किंवा ६/८ चा घ्या, टोक गोल असलेला. चौकोनी टोक कानाच्या पाळीला हमखास लागतं. पोलाद कार्बनचं हवं. जर्मनीतल्या झोलिंगनचे आणि शेफिल्डचे जुने वस्तरे यासाठी नावाजलेले. जुना घेताना धारेवर गंजाचे खड्डे किंवा तडा नाही ना, तेवढं भिंगातून बघा. पाठीवरचा, म्हणजे धारेच्या उलट बाजूच्या जाड कडेवरचा, गंज चालेल, धारेवरचा नाही. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळणारे चकचकीत वस्तरे शोभेपुरते.

अर्ध्या ब्लेडच्या मुठीने सुरुवात करा, असं सांगणारे बरेच भेटतील. माझं मत उलट आहे. ती हलकी असते आणि ब्लेड चटकन चावतं. खऱ्या पात्याचं वजन हाताला शिस्त लावतं.

पट्टा

दाढीआधी दर वेळी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा. यात पोलाद फारसं झिजत नाही. धारेची वाकलेली सूक्ष्म कड सरळ होते. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा, दुसरं टोक ताणून धरा. झोळ पडला की धार गोल होते. पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेली, पाठ पुढे, धार मागून ओढली जाणारी. टोकाशी आलात की वस्तरा पाठीवरून पालटायचा, धारेवरून कधीच नाही. जाडं कापड असेल तर आधी त्यावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास.

सुरुवातीला इतकं सावकाश करा की बघणाऱ्याला कंटाळा यावा. मी सिनेमातल्यासारखं झपझप करायला गेलो आणि पट्ट्याला बोटभर चीर पाडली. ती अजून आहे. पहिला पट्टा म्हणूनच स्वस्तातला घ्यावा.

दाढी

आंघोळीनंतर करा. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजलेला केस मऊ होतो. साबणाचा फेस ब्रशने घोळवा. तो दह्यासारखा घट्ट पण ओला हवा. फोमचा डबा यासाठी कामाचा नाही, तो फुगतो पण पातं घसरू देत नाही.

धरण्याची पद्धत अशी: पातं जिच्यात मिटतं ती मूठ उघडून वर उभी करायची. तीन बोटं पात्यामागच्या दांडीवर, अंगठा खालून आधाराला आणि करंगळी मागच्या वाकड्या शेपटीवर. आधी वस्तरा गालावर आडवा टेकवा, मग पाठ जराशी उचला. त्वचेशी साधारण ३० अंशांचा कोन झाला की बास. कोन वाढला की पातं खरवडतं, फार कमी झाला तर केस ओढतं.

दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरा. खरं काम हा हात करतो. वस्तऱ्याने फक्त सरकायचं. मी दाबतोय हे पाहून अण्णा ओरडले होते, "अरे, पोळी लाटतोयस का?" केस कापण्याच्या दिशेनेच पातं हलवायचं, भाजी चिरल्यासारखं धारेच्या लांबीत आडवं सरकलं की जखम झालीच म्हणून समजा.

पहिला आठवडा फक्त दोन गाल, कल्ल्यापासून जबड्यापर्यंत, केसांच्या दिशेने. उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने उरका. मग गळा. हनुवटी आणि वरचा ओठ सगळ्यात शेवटी. हनुवटीवर केस दाट आणि कातडी गोलाईवर, त्यामुळे तिथे इंच-अर्ध्या इंचाचे तुकडे करत जावं लागतं. उलट्या दिशेने फिरवण्याची घाई महिनाभर तरी नको. गालावरून येणाऱ्या आवाजाकडे लक्ष द्या: धार चांगली असली की कोरडी, बारीक खरखर ऐकू येते. आवाज बंद आणि केस ओढल्याची जाणीव, म्हणजे थांबा, पट्ट्याकडे परत जा.

शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. कुठे कुठे हात चुकला ते तुरटी चुरचुरून लगेच सांगते. पुटकुळ्या असतील तर त्या भागाला सुट्टी द्या. आणि वस्तरा दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाही, भावालाही नाही.

दगड

पट्ट्यावर फिरवूनही केस ओढायला लागले की दगडाची वेळ आली. रोजचा वापर असेल तर काही महिन्यांनी ती येते. धारेचं चाक लावलेल्या सायकलवर "धाऽऽर" करत फिरणाऱ्याकडे वस्तरा देऊ नका. कात्री-सुरीला तो उत्तम. पण वस्तऱ्याची पातळ धार चाकावर क्षणात तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

दगड पाण्याचे, म्हणजे तेलाऐवजी पाणी घालून वापरायचे, घ्या. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. १००० चा दगड मोडलेली धार नव्याने बसवायला, ४००० किंवा ५००० चा त्याचे ओरखडे काढायला, ८००० चा धार तीक्ष्ण करायला आणि १२००० चा गुळगुळीत करायला. नुसती मंदावलेली धार शेवटच्या दगडावरच वीसेक फेऱ्यांत परत येते. उगाच १००० ला जाऊन वस्तऱ्याचं आयुष्य कमी करू नका.

आधी दगड सपाट आहे का बघा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पाणकागदावर घासा. सगळ्या रेघा एकदम गेल्या तर दगड सपाट. मधल्या उरल्या तर अजून घासा.

कोन धरायची चिंता नको. वस्तऱ्याची जाड पाठ त्यासाठीच असते: पाठ आणि धार दोन्ही टेकवली की कोन आपोआप बसतो. पट्ट्यावर पाठ पुढे असते, दगडावर उलट, धार पुढे. दगड बहुधा पात्याहून अरुंद असतो, म्हणून ढकलताना पातं तिरकं सरकवत न्यायचं, म्हणजे बुडखा ते टोक सगळी धार घासली जाते. धारेच्या कडेला मार्कर पेनने रंग लावून चार फेऱ्या मारा. जिथे शाई शिल्लक, तिथे दगड पोचलाच नाही.

१००० वर कुठवर घासायचं? हाताच्या लवेवरून पातं कातडीला न लावता फिरवा. धारेच्या प्रत्येक भागाने केस उडायला हवेत. मधला भाग कापतो आणि टोक कापत नाही, तर पुढच्या दगडावर जायचं नाही. इथे आळस केला की बारा हजारांचा दगडही काही करू शकत नाही. जसजसे वरच्या दगडावर जाल तसतसा दाब कमी करा. शेवटी पात्याचं स्वतःचं वजन तेवढं.

आणि पाण्याकडे बघा. पातं पुढे सरकताना धारेपुढे पाण्याची बारीक लाट असते. धार नीट टेकली की ती लाट पात्यावर चढते. ज्या जागी पाणी धारेखालून निसटतं, तिथे काम बाकी आहे. भिंग घेण्याआधी मी हेच बघायला शिकलो.

वस्तऱ्याचं सर्वांत मोठं नुकसान दाढी करताना नाही, धुताना होतं: नळाला टेकला आणि धारेचा टवका उडाला. बेसिनमध्ये ओला टॉवेल अंथरून ठेवा. धुतल्यावर पातं पुसून कोरडं करा, मुठीच्या फटीत पाणी राहू देऊ नका. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पात्याला चोळा. खोबरेल नको, ते चिकट होतं. आणि वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. माझा कपड्यांच्या कपाटात, मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर असतो.