सायलेन्सर घरी बदलायचा की गॅरेजात? आधी गाडीखाली बघा

कारचा सायलेन्सर घरी बदलता येईल का, हे ठरवायला थंड गाडीखाली टॉर्च घेऊन दहा मिनिटं बघणं पुरतं. दोनच गोष्टी बघायच्या. बदलायचा भाग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातलं विष कमी करणारा डबा, थोडक्यात कॅट) पुढे इंजिनकडे आहे की मागे, आणि तिथले बोल्ट कसे आहेत. भाग कॅटच्या मागे असेल, दोन बोल्टांच्या फ्लँजवर (पाइपाच्या टोकाची जोडायची पट्टी) जोडलेला असेल आणि बोल्टांचे कोन अजून शाबूत असतील, तर काम घरी होतं. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर गॅरेज बरं.

इंजिनकडून मागे येताना क्रम साधारण असा असतो: मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग), त्याला लागून कॅट, कॅटच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन सेन्सर, मग जाळीचा लवचीक पाइप, मधला सायलेन्सर आणि शेवटी मागचा मोठा डबा. घरी हात घालायचा तो मागच्या डब्याला, फार तर मधल्या सायलेन्सरला. काही गाड्यांत हे दोन्ही एकाच अखंड पाइपवर असतात आणि तो पाइप मागच्या ॲक्सलच्या वरून जातो. तिथे पाइप कापल्याशिवाय किंवा ॲक्सल खाली घेतल्याशिवाय डबा बाहेर येत नाही. ते घरचं काम नव्हे.

सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्यासारखा बाहेरून गंज इथे कमी दिसतो. इथला सायलेन्सर जास्त करून आतून सडतो. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. जुळे सोलापुरातून नवी पेठेत जाऊन परत, एवढंच रोजचं चालणं असेल तर मागचा डबा पुरता तापत नाही आणि पाणी आतच साठतं. सीएनजीत वाफ आणखी जास्त, म्हणून तिथे डबा लवकर जातो. बाहेरून पत्रा चांगला दिसत असला तरी थंड डब्यावर लाकडाने हलकं ठोकून बघा. खडखड वाजला तर आतली पार्टिशन सुटली आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्याने शेतावर जाणाऱ्यांनी उष्णतारोधक पत्र्यामागे अडकलेला चिखलही काढावा. तो ओल धरून ठेवतो आणि पत्र्याचे स्क्रू खातो.

काय विकत घ्यायचं

जुना पाइप मोजूनच दुकानात जा. बाहेरचा व्यास, फ्लँजच्या दोन भोकांमधलं अंतर आणि हँगरच्या (डबा लटकवणाऱ्या) सळ्यांची जागा, तिन्ही लिहून न्या. जमलं तर फोटोही. गाडीचं मॉडेल सांगितलं की झालं असं नसतं, कारण एकाच मॉडेलच्या बीएस-4 आणि बीएस-6 (धुराच्या जुन्या आणि नव्या सरकारी मानकांच्या) गाड्यांच्या पाइपात फरक असू शकतो.

साध्या लोखंडाचा डबा सर्वांत आधी सडतो, ॲल्युमिनियमचा थर दिलेला त्याहून बराच टिकतो, स्टेनलेस सर्वांत जास्त. दुकानदार स्टेनलेस म्हणाला की लोक लोहचुंबक लावून बघतात, पण 409 ग्रेडच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो आणि त्यावर वरवरचा गंजही येतो. चिकटला नाही तर 304 असण्याची शक्यता मोठी, एवढंच त्यातून कळतं.

डब्याबरोबर नवं पॅकिंग, नवे बोल्ट-नट आणि सगळे रबर हँगर घ्या. जुनं पॅकिंग एकदा दाबलं गेलं की पुन्हा बसत नाही. नट घेताना नायलॉनची रिंग असलेला लॉकनट घेऊ नका. उष्णतेने नायलॉन वितळतं आणि नट ढिला पडतो. पूर्ण धातूचा लॉकनट मागा. बोल्ट निदान 8.8 ग्रेडचे हवेत.

मोठ्या व्यासाचा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावायचा विचार असेल तर स्पष्ट सांगायला हवं: 1.2 लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनात नुसता मागचा डबा बदलून जाणवेल इतकी ताकद वाढत नाही. वाढतो तो आवाज. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार आवाजाचं किंवा धुराचं मानक मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीपासून आहे. कॅट काढून त्या जागी सरळ पाइप लावून देणारेही भेटतात. ते करूच नका. बीएस-6 गाडीत कॅटनंतरचा सेन्सर ते ओळखतो, इंजिनचा दिवा लागतो आणि शहराच्या हवेत विष जातं ते वेगळंच. मूळ आकाराचा, मूळ आवाजाचा बाजारी डबा लावायला मात्र काही हरकत नाही.

घरी करताना

संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा आणि काम सकाळीच करा. एप्रिल-मेच्या दुपारी हा उद्योग नको. गाडी चालवून आणली असेल तर निदान दोन-तीन तास थंड होऊ द्या; तापलेल्या पाइपावर तेल मारलं तर ते पेट घेऊ शकतं.

जागा सपाट आणि कडक हवी. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात गाडी टेकवायच्या स्टँडचा पाय रुततो. अंगणातली शहाबादी फरशी त्याच पायाखाली तडकते. दोन्हीकडे स्टँडखाली जाड प्लायवूड किंवा लोखंडी पाटी ठेवा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, मग मागची बाजू मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅकने उचलून दोन स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. वीट आधी काही न दाखवता एकदम फुटते. खाली शिरण्याआधी गाडीला बाजूने जोर देऊन हलवून बघा. डोळ्यांवर गॉगल हवाच, गंजाचे कण सरळ तोंडावर पडतात.

बोल्ट बहुधा 12 किंवा 14 च्या पान्याचे असतात. बारा कोनी रिंग पाना इथे टाळा, सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा. गंजलेल्या बोल्टचे कोन त्याने गोल होत नाहीत. आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा. मग बोल्ट किंचित आवळा, थोडा सोडा, पुन्हा आवळा, तेल मारा, पुन्हा सोडा. एका दमात जोर लावला की बोल्ट पिळून तुटतो. तुटला तर बघा तो कुठला आहे. फ्लँजमधून आरपार जाणारा, पलीकडे सुटा नट असलेला बोल्ट तुटला तर बिघडत नाही, उलट काम सोपं झालं. नवा बोल्ट आणलेलाच आहे. पण स्टड (डोकं नसलेला, भागातच रुतवलेला बोल्ट) मॅनिफोल्डमध्ये किंवा कॅटच्या फ्लँजमध्ये बसवलेला असेल, तर पाना अडतोय असं वाटलं की तिथेच थांबा. आत तुटलेला स्टड काढायला ड्रिल, टॅप आणि सराव लागतो.

हँगरचं रबर ओढून निघत नाही. साबणाचं पाणी लावा, टोमीने सळीवरून सरकवा. ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगतं. डबा जड असतो. शेवटचं रबर काढण्याआधी खाली लाकडाचा ठोकळा किंवा दुसरा माणूस हवा.

नवा डबा बसवताना घाई होते ती आवळण्याची. आधी सगळी रबरं अडकवून डबा नुसता लटकवा, पॅकिंग घाला, बोल्ट हाताने फिरवून ठेवा. मग डबा सगळीकडून हलवून बघा. बॉडी, ॲक्सल, ब्रेकचे पाइप यांपासून निदान 25 मिलिमीटर अंतर हवं, इंधनाच्या टाकीपासून आणि प्लॅस्टिकच्या बंपरपासून त्याहून जास्त. रबर कुठल्या बाजूला ताणलेलं दिसलं तर पाइप वाकडा बसलाय. हे महत्त्वाचं आहे, कारण तीन मीटरचा पोलादी पाइप 300 अंशांनी तापला की जवळपास एक सेंटीमीटर वाढतो. ती वाढ रबर आणि लवचीक पाइपच झेलतात. ताणून बसवलेला पाइप काही महिन्यांत वेल्डपाशी तडकतो, आणि सोलापूरच्या रस्त्यांवरचे न रंगवलेले गतिरोधक ते काम आणखी लवकर करतात.

जागा पटली की पुढून मागे, दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर एम-8 बोल्टला 20 ते 25 न्यूटन मीटर, एम-10 ला 40 च्या आसपास. स्प्रिंगवाले बोल्ट असतील तर त्यांची मान टेकेपर्यंतच आवळा. स्प्रिंग पूर्ण दाबली की जोडाला हलायला वाव राहत नाही. पाइपात पाइप सरकवून क्लँप लावायचा असेल तर निदान 40 मिलिमीटर आत गेलेला असावा. सील करायची पेस्ट शक्यतो नकोच. साधं सिलिकॉन तर सेन्सर आणि कॅट दोन्ही खराब करू शकतं.

तपासणी उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंड इंजिन सुरू करून मागच्या तोंडावर टॉवेलची जाड घडी क्षणभर दाबायला दुसऱ्याला सांगा. जोडातून फुसफुस ऐकू आली तर गळती आहे. पहिली काही मिनिटं नव्या डब्यावरचं तेल जळून थोडा धूर येतो, त्यात काळजीचं काही नाही. तुळजापूरला जाऊन आलात की गाडी थंड होऊ द्या आणि बोल्ट एकदा पुन्हा आवळा. पॅकिंग बसतं तसे ते थोडे ढिले होतातच.

गॅरेजात देताना

मॅनिफोल्ड, कॅट, सेन्सर, लवचीक पाइप आणि वेल्डिंगचं कुठलंही काम गॅरेजचं. डिझेल बीएस-6 गाडीत डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) त्यात आला. पिट किंवा लिफ्ट असलेलं गॅरेज निवडा. लवचीक पाइपासारखं काम मिग वेल्डिंग असलेल्याकडे द्या, कारण आर्कच्या जाड काडीने पातळ पत्रा जळून भोक पडतं.

वेल्डिंग शक्यतो भाग गाडीवरून काढूनच करून घ्या. गाडीवरच करावं लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट ईसीयूपर्यंत (इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत) पोचू शकतो. सीएनजी असेल तर त्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस संपेपर्यंत इंजिन चालवायला सांगा. हे न विचारता वेल्डिंगची गन उचलणाऱ्या मिस्त्रीकडे काम देऊ नका.

डब्याच्या तळाला एक बारीक भोक असतं, पाणी निथळायला कंपनीनेच ठेवलेलं. कित्येक ठिकाणी ते गळती समजून बुजवतात आणि मग डबा आणखी लवकर सडतो. ते उघडं ठेवायला आधीच सांगून ठेवा. बिलावर डबा, पॅकिंग, वेल्डिंग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. कॅट बदलला असेल तर जुना कॅट मागून घ्या: त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारातही त्याला चांगली किंमत येते.