‘बहिरा आहेस का?’ : कर्णबधिर माणसाशी वागताना या चुका टाळा

कर्वे रोडवर मागून हॉर्न वाजतो. एकदा, दोनदा, मग दाबूनच धरलेला. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, म्हणून माझा दादा रस्त्याच्या कडेने चाललेला असतो. तो बाजूला होत नाही. शेवटी स्कूटरवाला शेजारून जाताना मान वळवून ओरडतो, “बहिरा आहेस का रे?”

आहे. जन्मापासून.

हे वाक्य दादा ओठांवरून पहिल्या झटक्यात ओळखतो. पुण्यात एवढं स्पष्ट दुसरं काहीच कोणी बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. मग घरी येऊन त्या माणसाची हेल्मेटसकट नक्कल करून दाखवतो.

मी त्याची धाकटी बहीण, ऐकू येणारी. पुढे लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्या आहेत, काही तर कालपरवापर्यंत. त्यामुळे शहाणपणा शिकवायचा हक्क मला नाही. पण गाडी नेमकी कुठे अडते, ते पाहून पाहून पाठ झालंय.

आवाज चढवणे

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात जुनी चूक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांची श्रवणहानी 70 डेसिबल असेल तर ती व्यक्ती बधिर; 60 ते 70 च्या मधली असेल तर कमी ऐकू येणारी. आपलं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. मग लोक हिशोब करतात: थोडं ओरडलं की झालं!

हिशोब चुकतो तो असा. ओरडल्यावर मोठे होतात ते स्वर. स, ख, च, फ, ट ही व्यंजनं पुसट ती पुसटच राहतात, आणि बऱ्याच जणांचे कान नेमके याच बारीक, उंच पट्टीच्या आवाजांना आधी दगा देतात. साखर, भाकर, चाकर हे तीन शब्द म्हणून बघा. व्यंजनं काढली तर तिन्हींत उरतं ते एकच, ‘आ-अ’. तुम्ही गल्ली गोळा होईपर्यंत ओरडलात तरी समोर पोचणार ‘आ-अ’च. वर ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं आणि चेहरा भांडायला आल्यासारखा दिसतो.

कानात यंत्र असेल तर आणखी वाईट. श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे. चष्मा लावला की अक्षर लख्ख दिसतं. यंत्र तुमच्या बोलण्याबरोबर पंखा, मिक्सर आणि शेजारचा टीव्हीही मोठा करतं. नवी यंत्रं गोंगाट थोडाफार गाळतात, पण लग्नाच्या हॉलमध्ये तीही हात टेकतात. त्यात कानाशी ओरडलं तर चक्क दुखतं.

जवळ या, समोर या, नेहमीच्या आवाजात बोला.

आजी-आजोबांना म्हातारपणी ऐकू येईनासं होतं, ते प्रकरण वेगळं. त्यांचं सगळं आयुष्य बोलण्याऐकण्यात गेलेलं असतं, खुणांची भाषा त्यांना येत नसते. घरात आजोबा आहेत म्हणून ‘मला माहितीये बहिऱ्यांशी कसं बोलायचं’ असं समजू नका.

“ओठ वाचता येतात ना तुला?”

येतात. पण आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणा: बाबा, पापा, मामा. काही फरक दिसला? प, ब, भ, म ओठांवर सारखेच. क, ग, ह तर घशाकडेच उरकतात, बाहेर काही दिसतच नाही. त, द, न दातांआड. म्हणजे ओठ वाचणं ही निम्मी वाचनाची आणि निम्मी अंदाजाची करामत आहे. ‘पाव’ आणि ‘भाव’ यांत ओठांवर काडीचा फरक नाही, तेव्हा मंडईत काय काय होत असेल बघा.

त्यात आपण अडथळे आणतो. रिक्षावाले काका तोंडात तंबाखूचा बार भरून, हनुवटी वर करून “कुट्टं?” विचारतात. बँकेतल्या मॅडम बोलता बोलता कॉम्प्युटरकडे वळतात आणि वाक्याचा उरलेला भाग स्क्रीनला सांगतात. कोणी खिडकीकडे पाठ करून उभं राहतं, तोंडावर अंधार. 2020 मध्ये मास्क आले तेव्हा दादासाठी सगळं शहर एका रात्रीत मुकं झालं होतं.

दोनदा सांगूनही कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. ‘सुट्टे’ समजत नसेल तर ‘दहाची नोट’ म्हणा. आकडे, वेळ, पत्ता मात्र थेट लिहूनच दाखवा.

यात सगळ्यात तरबेज कोण, तर आमचा मंडईतला भाजीवाला. त्याला खुणांची भाषा येत नाही. तो वांग्यावर बोट ठेवतो, बोटांनी आकडा दाखवतो, भुवया उंचावून विचारतो, दादाने घासाघीस केली की छातीवर हात ठेवून परवडत नसल्याचा अभिनय करतो. लाजत नाही, बास. सुशिक्षित माणूस हात हलवायला लाजतो आणि तिथेच अडतो.

“कळलं ना?”

हा प्रश्न विचारूच नका, कारण उत्तर कायम ‘हो’ येतं. दिवसभर अंदाज बांधून दमलेला माणूस पाचव्यांदा ‘नाही’ म्हणत नाही. मान हलवतो आणि सुटका करून घेतो.

एकदा दादा एकटाच दवाखान्यात गेला होता. डॉक्टरांनी मास्कमधून गोळ्या समजावल्या, “कळलं ना?” विचारलं, दादाने मान डोलावली. घरी येऊन त्याने सकाळची आणि रात्रीची गोळी एकदम घेतली. थोडी चक्कर आली, निभावलं. चिठ्ठीवर 1-0-1 (सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक) लिहिलेलं होतं, पण त्याचा अर्थ कोणी कधी सांगितलाच नव्हता. आपण ते इकडून तिकडून ऐकत शिकलेलो असतो. असं कानावर पडून आलेलं किती ज्ञान आपल्याकडे फुकट जमा असतं, हे मला त्या दिवशी समजलं.

‘कळलं ना?’ऐवजी ‘मग रात्री कोणती घेणार?’ विचारा. उत्तरातच समजतं पोचलं की नाही ते. आणि तुम्हाला त्याचं कळलं नसेल तर तुम्हीही खोटी मान हलवू नका. ‘पुन्हा सांग’ म्हटल्याने दादाला राग येत नाही. उगाच हसून पुढे निघालेल्यांचा येतो.

सोबतच्या माणसाशी बोलणे

“यांना काय होतंय?” हा प्रश्न मला विचारला जातो. पंचेचाळीस वर्षांचा, मिशा पिकायला लागलेला माणूस समोर बसलेला असताना. आता मी उत्तरच देत नाही, दादाकडे बघते. दुभाषी असेल तरी हाच नियम: बोला कर्णबधिर व्यक्तीकडे बघून, ‘त्यांना विचारा’ असं दुभाष्याला नको. आणि आईवडील कर्णबधिर आहेत म्हणून आठ वर्षांच्या मुलीला आजाराची किंवा कर्जाची बोलणी करायला लावू नका.

लिहून दिलं की झालं?

लिहून सुनावण्याची आपल्या शहराला केवढी हौस! दुपारी बेल वाजवू नये, गेटसमोर गाडी लावू नये, पत्ता विचारू नये, सगळं पाट्यांवर. पण टोकन नंबर मात्र आतून तोंडी पुकारतात आणि काउंटरवर कागद मागितला की कपाळाला आठी.

तरी लिहिण्यातही एक मेख आहे. दादाचा व्हॉट्सॲप मेसेज असा येतो: ‘मी काल बँक गेला पासबुक नाही दिला.’ लोक हसतात किंवा ठरवतात की हा अडाणी. अहो, घरी, घरात, घराला, घराचं ही रूपं तुम्ही व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलात का? हजारो वेळा कानावर पडली म्हणून आली. ज्याच्या कानावर एकदाही पडली नाहीत त्याच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी, अवघड भाषा. त्याची स्वतःची भाषा भारतीय सांकेतिक भाषा. ती मराठीची हातवाऱ्यांतली नक्कल नाही. तिचं व्याकरण वेगळं, त्यात प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो आणि भुवयाही व्याकरणाचंच काम करतात. दिल्लीच्या सरकारी सांकेतिक भाषा केंद्राने 2018 मध्ये काढलेल्या तिच्या कोशात 3000 शब्द होते, 2021 पर्यंत ते 10,000 झाले. भुवयांचं काम असं असल्यामुळे खुणांनी बोलताना दादाचा चेहरा ताणलेला दिसला तर तो चिडलाय असं नाही, कदाचित नुसता प्रश्न विचारतोय.

लिहाल ते छोटं लिहा. ‘पासबुक आज नाही. सोमवारी मिळेल.’ पुरे.

“काही नाही, सोड.”

ही चूक रस्त्यावर फार होत नाही. ती घरात होते, आणि माझी आहे.

दिवाळीला सगळे जमलेले. काकांनी काहीतरी जुना किस्सा काढला, आत्याला हसून ठसका लागला. दादाने माझ्या गुडघ्यावर थाप मारून विचारलं, काय झालं? मी हात झटकला: काही नाही, नंतर सांगते. नंतर कधी सांगितलंच नाही. एवढंसं होतं, सांगण्यासारखं काय त्यात, असं मला वाटायचं. पुढे एकदा त्याने मला विचारलं, “तुम्ही सगळे वर्षभर ‘काही नाही’वर इतके हसता?”

हसू आलं आणि मग आलं नाही. जेवणाच्या टेबलावर तो माणूस फोन काढून बसतो तेव्हा आपण म्हणतो, त्याला माणसांत रस नाही.

अख्खा किस्सा भाषांतर करून सांगावा लागत नाही. ‘काका, लहानपणी, विहिरीत चप्पल पडली’ एवढं तिथल्या तिथे पुरतं. महत्त्वाचं हे की सगळ्यांबरोबर हसता यावं, दहा मिनिटांनी एकट्याने नाही.

किरकोळ, पण रोजच्या

पाठीत धपका घालून लक्ष वेधू नका, दचकतो माणूस. खांद्यावर हलकं टेकवा, किंवा दिवा बंद-चालू करा. दोघं खुणांनी बोलत असतील आणि मधून जायचं असेल तर सरळ जा. वाकून ‘सॉरी, सॉरी’ करत मध्येच थांबलात तर संभाषण जास्त तुटतं. ‘मुका’ म्हणू नका, दादाचा आवाज शाबूत आहे. तो हसला की वाड्यातले जुने भाडेकरू अजून खिडकीत येतात. मेसेजमध्ये ‘कॉल करू नका’ लिहिलं असेल तर कॉल करू नका, एवढं साधं आहे. “ऐकू येत नाही तर गाडी कशी चालवतो?” डोळ्यांनी. चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या कर्णबधिरांना परवाना मिळण्याचा मार्ग दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्येच मोकळा केला. आणि चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर 2016 च्या कायद्यात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या स्कूटरवाल्याला सांगायचं राहूनच गेलं.

विसर्जनाच्या दिवशी हमखास कोणीतरी म्हणतं, “तुझं बरंय बाबा, तुला त्रास नाही.” दादा लक्ष्मी रोडवर ढोलांच्या सगळ्यात जवळ उभा असतो. त्याला ढोल छातीत आणि तळपायांत लागतो. कान मीच झाकून घेते.

आणि निरोपाची घाई करू नका. दादाचे मित्र महिन्यातून एकदा अमृततुल्यमध्ये जमतात. चहा संपतो, दुकान शटर ओढतं, ही मंडळी दिव्याच्या खांबाखाली सरकतात, कारण बोलायला उजेड लागतो. अजून पाऊण तास. पूर्वी मी स्कूटर चालू करून हॉर्न वाजवायचे. कोणासाठी, ते देव जाणे. आता गाडी स्टँडला लावते आणि दुसरा चहा अजून कुठे मिळतो का ते बघते.