फाइलसिस्टीम पेजवर अडकली तर शोध कुठून सुरू करायचा

लिनक्सवर प्रोसेस डी स्टेटमध्ये गेली (कर्नलमध्ये कशाची तरी वाट पाहत झोपली, साध्या सिग्नलने उठत नाही) की लगेच रीबूट करू नका. रीबूटबरोबर पुरावाही जातो. रूट होऊन प्रॉकमधल्या (/proc) त्या पीआयडीच्या (प्रोसेस क्रमांकाच्या) डिरेक्टरीतली 'स्टॅक' फाइल वाचा; प्रोसेस कोणत्या फंक्शनमध्ये अडकली ते तिथे दिसतं. अनेक प्रोसेस अडकल्या असतील तर सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये (/proc/sysrq-trigger) डब्ल्यू (w) हे अक्षर लिहा, सगळ्यांचे स्टॅक डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) उतरतात.

5.16 पासूनच्या कर्नलमध्ये वरच्या ओळींत 'फोलिओ वेट बिट कॉमन' दिसेल. पेज म्हणजे फाइलच्या डेटाचा मेमरीतला तुकडा, फोलिओ म्हणजे एक किंवा अधिक पेजेसचा गट. लॉकची वाट आणि रायटबॅकची (बदललेलं पेज डिस्कवर लिहून होण्याची) वाट, दोन्ही प्रकारांत हे फंक्शन येतं, म्हणून त्याला कोणी बोलावलं ते पाहा: फोलिओ लॉक की फोलिओ वेट रायटबॅक? पुढचा सगळा शोध या उत्तरावर ठरतो.

लॉक असेल तर ते धरून बसलेली प्रोसेस शोधायची. पेज लॉक हा फक्त एक बिट आहे, मालकाची नोंद कुठेच नसते आणि लॉकडेपलाही (कर्नलमधल्या लॉक तपासणाऱ्या साधनालाही) तो दिसत नाही. त्यामुळे बाकीचे स्टॅक वाचण्याला पर्याय नाही. दोन प्रोसेस दोन-दोन फोलिओ उलट क्रमाने लॉक करत असतील तर क्रम ठरवून द्या: नेहमी लहान इंडेक्स (फाइलमधलं स्थान) आधी. लॉक मिळाल्यावर फोलिओचं मॅपिंग (तो कोणत्या फाइलचा आहे ती नोंद) पुन्हा तपासा. आपण झोपलो होतो तेवढ्यात ट्रंकेटने (फाइल छाटण्याने) ते काढून टाकलेलं असू शकतं.

एक सापळा बराच जुना आहे. राइटचा बफर त्याच फाइलच्या त्याच पेजचा एममॅप (फाइल थेट मेमरीत जोडलेली) असेल, तर कॉपी करताना पेज फॉल्ट (पेज मेमरीत जोडलेलं नसल्याचा व्यत्यय) येतो आणि आपण आधीच धरलेलं लॉक आपणच मागत बसतो. उपाय: लॉक घेण्याआधी बफर फॉल्ट-इन करा (आधीच मेमरीत आणून ठेवा), मग पेज फॉल्ट बंद ठेवून कॉपी करा. कॉपी अपुरी राहिली तर लॉक सोडून पुन्हा सुरुवात.

रायटबॅक असेल तर सिस-ब्लॉकमधल्या (/sys/block) त्या डिव्हाइसची 'इनफ्लाइट' फाइल पाहा. तिथे डिस्ककडे गेलेल्या, अजून पूर्ण न झालेल्या मागण्या दिसतात; दोन आकड्यांपैकी दुसरा राइटचा. तो शून्यावरून हलत नसेल आणि प्रोसेस तरीही थांबलेली असेल, तर संशय डिस्कवर नको, कोडवर घ्या. बहुतेकदा एरर आल्यावरच्या वाटेत फोलिओ एंड रायटबॅक (रायटबॅक संपल्याचं कळवणारं फंक्शन) बोलवायचं राहून गेलेलं असतं. दुसरी शक्यता अशी की बायोमध्ये (डिस्ककडे पाठवायच्या मागणीत) पेजेस भरली, पण सबमिट करण्याआधीच कोड पुढच्या पेजच्या लॉकवर झोपला. थांबण्याआधी हातातला बायो सबमिट करा.

स्टॅक वाचताना एक लक्षात असू द्या: मुख्य प्रवाहातल्या कर्नलमध्ये पेजसाठी थांबणाऱ्यांच्या रांगा म्हणजे वेट-क्यू फक्त 256 आहेत, पेज हॅश करून त्यातली एक निवडली जाते. म्हणून एकाच क्यूवर झोपलेले सगळे एकाच पेजसाठी थांबलेत असं समजू नका.