अमेरिकन बॉम्बर क्रूच्या युद्धातल्या आठवणी वाचायच्या कशा आणि पडताळायच्या कशा

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानवाल्यांच्या आठवणींचा एकदा नाद लागला की संपलं, एक मुलाखत ऐकली की दुसरी, तिच्यावरून तिसरी, आणि महिनाभरात डोक्यात नुसती खिचडी होते. माझी झाली होती. मग चुका करत करत एक पद्धत बसली, ती सांगतो. मी काही इतिहासकार नाही, नोकरी सांभाळून रात्री हे उद्योग करणारा माणूस आहे, तेवढं धरून वाचा.

सगळ्यात आधी वहीत विमानाचं चित्र काढा, वाकडंतिकडं चालेल. बी-१७ या चार इंजिनांच्या अमेरिकन बॉम्बरमध्ये साधारण दहा जण असायचे. काचेच्या नाकात बॉम्बार्डियर (बॉम्ब टाकणारा) आणि नॅव्हिगेटर (दिशा सांगणारा), वर पायलट-कोपायलट, त्यांच्या मागे इंजिनिअर जो वरचा टरेट म्हणजे फिरती मशिनगन-घुमटीपण सांभाळायचा, मग रेडिओवाला, पोटाखालच्या गोल टरेटमध्ये मुटकुळं करून बसलेला एक, दोन्ही बाजूच्या खिडक्यांशी दोन वेस्ट गनर आणि अगदी शेपटीत टेल गनर. हे कशाला, तर प्रत्येकाची गोष्ट त्याला त्याच्या जागेवरून जेवढं दिसलं तेवढीच असते. मागचं विमान कसं पेटलं ते टेल गनर सांगत असेल तर कान देऊन ऐका, पण पुढच्या विमानांचं काय झालं हे तो सांगायला लागला की समजायचं हे इंटरकॉमवर ऐकलेलं आहे नाहीतर संध्याकाळी मेसमध्ये. तो खोटं बोलत नसतो, त्याची पाठ होती तिकडे.

आता तारीख. हे काम कंटाळवाणं आहे पण इथेच निम्मा गुंता सुटतो. उदाहरण घ्या, एखादा म्हणतो मी जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या रेडला, म्हणजे हवाई हल्ल्याला होतो, साठ विमानं गेली आमची त्या दिवशी. बरोबर, पण कुठल्या दिवशी? कारण श्वाइनफुर्टच्या मोठ्या रेड दोन, १७ ऑगस्ट १९४३ आणि १४ ऑक्टोबर १९४३, आणि दोन्ही दिवशी साठ-साठच बॉम्बर पडले, म्हणजे एका दिवसात सहाशेच्या आसपास माणसं परत आली नाहीत. त्यामुळे साठ हा आकडा काही कामाचा नाही, गोष्टीतली दुसरी खूण शोधा. ऑगस्टमध्ये त्याच दिवशी एक तुकडी जर्मनीतल्याच रेगेन्सबुर्गवर बॉम्ब टाकून इंग्लंडला परत न येता थेट उत्तर आफ्रिकेत उतरली होती, तेव्हा आजोबा वाळू, उकाडा, विमानाखाली झोपलो वगैरे बोलत असतील तर ऑगस्ट, प्रश्नच मिटला.

मिशनच्या संख्येवरूनही काळ लागतो. इंग्लंडहून उडणाऱ्या अमेरिकेच्या एट्थ एअर फोर्समध्ये सुरुवातीला २५ मिशन झाली की घरी, १९४४ मध्ये ते ३० केलं आणि नंतर ३५. म्हणजे "माझी ३५ पूर्ण झाली" म्हणणारा माणूस १९४४ च्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा. फायटर पायलटांचा हिशोब मिशनवर नसून तासांवर असायचा, तिथे गल्लत करू नका, मी केली होती.

मग येतो विमानाचा सीरियल नंबर, आणि इथे माझी एक पूर्ण रात्र वाया गेलेली आहे. एका फोटोत शेपटीवरचा आकडा स्पष्ट दिसत होता, तो जसाच्या तसा शोधत बसलो, काही म्हणजे काही सापडेना. कारण काय, तर नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे विमानाची ऑर्डर ज्या आर्थिक वर्षात दिली ते वर्ष, आणि शेपटीवर रंगवताना त्यातला पहिला ४ गाळायचे. मेम्फिस बेल हे प्रसिद्ध बी-१७ घ्या, कागदावर ४१-२४४८५, शेपटीवर १२४४८५. तेव्हा फोटोतल्या आकड्याच्या आधी ४ लावा, दोन आकड्यांनंतर रेघ मारा, मग शोधा. अंगावरची मोठी अक्षरं स्क्वाड्रनची, मेम्फिस बेलवर डीएफ म्हणजे ३२४ वी स्क्वाड्रन, आणि शेपटीवर त्रिकोणात ए दिसला तर ९१ वा बॉम्ब ग्रुप, चौकोनात डी दिसला तर १०० वा. ही चिन्हं नंतर आली, १९४३ च्या सुरुवातीच्या फोटोत शोधू नका.

मेम्फिस बेलचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पडताळणीचा सराव करायला याच्यासारखं विमान नाही. "२५ मिशन पूर्ण करणारं पहिलं विमान" असं सगळीकडे ठोकून दिलेलं असतं. आता तारखा मांडा. तिचा पायलट रॉबर्ट मॉर्गन, त्याच्या क्रूचं पंचविसावं मिशन १७ मे १९४३ ला, फ्रान्समधल्या लोरियाँवर. पण त्यातली काही मिशन त्यांनी दुसऱ्या विमानांतून केलेली, त्यामुळे खुद्द विमानाचं पंचविसावं मिशन दोन दिवसांनी, १९ मेला झालं, आणि तेही वेगळ्या क्रूसोबत. शिवाय ३०३ व्या ग्रुपच्या हेल्स एंजल्स नावाच्या बी-१७ ने १३ मेलाच पंचवीस गाठलेली. म्हणजे क्रूची मिशन आणि विमानाची मिशन हे दोन वेगळे रकाने आहेत, वहीत वेगळेच ठेवा, नाहीतर पुढे बेरीज कधीच जुळत नाही.

विमान परत आलं नसेल तर सगळ्यात मोठा खजिना म्हणजे मिसिंग एअर क्रू रिपोर्ट. १९४३ च्या मध्यापासून हे व्यवस्थित बनायला लागले, विमान बेपत्ता झालं की दोनेक दिवसांत फॉर्म भरायचा. मूळ कागद अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्ह्जकडे, आणि बरेचसे स्कॅन करून ऑनलाइन टाकलेले आहेत. नाव टाकून शोधण्यापेक्षा विमानाच्या नंबराने शोधा, नावांच्या स्पेलिंगचा भरवसा नाही. फॉर्म उघडला की तारीख, टार्गेट, हवामान, शेवटचं कुठे दिसलं, मग चारही इंजिनांचे नंबर, मग मशिनगनचे नंबर, एकेका गनचा वेगळा, खाली दहा जणांची नावं, हुद्दा, जागा. पान उलटलं की त्याच दहा जणांच्या घरच्यांची यादी, बहुतेक ठिकाणी आई नाहीतर बायको, पत्त्यासकट. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा लॅपटॉप बंद करून खाली चक्कर मारायला गेलो होतो, खरंच सांगतो.

याच फाइलमध्ये मागे दोन गोष्टी शोधायच्या. एक, शेजारच्या विमानातल्या लोकांचे जबाब, किती पॅराशूट उघडताना मोजली वगैरे. आणि दुसरं, युद्धानंतर कैदेतून सुटून आलेल्यांनी भरलेले प्रश्नावलीचे कागद, प्रत्येक मेलेल्या सोबत्यामागे एक. त्याला शेवटचं कधी पाहिलं, तो जखमी होता का, तो उडी मारू शकला का. उत्तरं पेन्सिलीने दोन-तीन शब्दांत असतात. चाळीस वर्षांनी तोच माणूस मुलाखतीत अर्धा तास बोलतो आणि दोन्हीत फरक पडतो. असं झालं की एक खरं एक खोटं असा निकाल लगेच लावू नका, दोन्ही शेजारी शेजारी लिहा, तारखेसकट.

सैनिकाचा सर्व्हिस नंबरसुद्धा थोडं बोलतो. सुरुवातीला ओ असेल तर ऑफिसर, १ ने सुरू होत असेल तर स्वतःहून भरती झालेला, ३ असेल तर सक्तीच्या भरतीतून आलेला. पण पूर्ण सर्व्हिस फाइल मिळेल ही आशा फार धरू नका. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला आग लागली आणि १९१२ ते १९६० मध्ये आर्मीतून बाहेर पडलेल्यांच्या साधारण ८० टक्के फाइल्स जळाल्या. १९४५ ला घरी गेलेला हवाईदलवाला कागदोपत्री आर्मीचाच, स्वतंत्र एअर फोर्स १९४७ ला झालं, त्यामुळे तो बरोब्बर या आगीत सापडतो.

आकड्यांमध्ये सगळ्यात जास्त सांभाळायचं ते शत्रूची विमानं पाडल्याच्या दाव्यांना. एका जर्मन फायटरवर दहा विमानांतले गनर एकाच वेळी गोळ्या झाडतात, ते खाली जातं, आणि संध्याकाळी पाच जण सांगतात मी पाडलं, पाचही प्रामाणिकपणे. १७ ऑगस्टला २८८ फायटर पाडल्याचा दावा होता, जर्मन बाजूच्या नोंदींत आकडा तिसाच्याही आत.

तसंच टस्कीगी एअरमनचं, म्हणजे इटलीतून उडणारा, लाल शेपट्यांचा, कृष्णवर्णीय अमेरिकन पायलटांचा ३३२ वा फायटर ग्रुप. त्यांच्या एस्कॉर्टखाली, म्हणजे संरक्षणात, एकही बॉम्बर गेला नाही असं अनेक दशकं सांगितलं गेलं. मग एअर फोर्सच्याच इतिहास विभागाने रोजचे मिशन रिपोर्ट आणि बेपत्ता विमानांचे रिपोर्ट तारखेला तारीख लावून तपासले, तर २७ बॉम्बर शत्रूच्या विमानांनी पाडलेले निघाले. माझ्या मते यात त्या लोकांचं काही कमी होत नाही, इतर एस्कॉर्ट ग्रुपच्या सरासरीपेक्षा हा आकडा चांगलाच कमी आहे. पण पद्धत म्हणून बघा, आपण घरी बसून करतोय तेच त्यांनी केलं, फक्त नीट आणि पूर्ण.

मग आठवणी कशासाठी वाचायच्या? तर थंडीसाठी. कागदात नुसतं "फ्रॉस्टबाइट" लिहिलेलं असतं. पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीस, विमानात हवेचा दाब नाही, वेस्ट गनरच्या खिडक्या सुरुवातीला उघड्याच, विजेवर गरम होणाऱ्या सूटची वायर तुटली की तो पाय गेलाच समजा. श्वासाची वाफ ऑक्सिजन मास्कमध्ये गोठायची म्हणून मास्क मधूनमधून हाताने चुरडून बर्फ मोडायचा. जाम झालेली गन सोडवायला हातमोजा काढला की बोटांची कातडी धातूला चिकटून राहायची. हे कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नसलेलं सामान आहे, मुलाखत ऐकताना तेवढ्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा, तिथे तारखा नाही जुळल्या तरी चालतात.

आणि सगळं काही इंग्लंडातलंच शोधायला पाहिजे असं नाही. बंगालमधल्या पांडवेश्वरहून बी-२४ बॉम्बर बर्मावर जायचे, खरगपूर, चाकुलियाच्या धावपट्ट्यांवरून त्याहून मोठे बी-२९ बॉम्बर उडायचे, ५ जून १९४४ ला त्यांची पहिली कॉम्बॅट रेड बँकॉकवर गेली ती इथूनच. त्या क्रूंचे रिपोर्टपण त्याच साठ्यात आहेत. फक्त गावांची नावं शोधताना आजचं स्पेलिंग टाकू नका, कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने टाइप केलंय, तीन-चार प्रकारे टाकून बघा आणि तरी नाही मिळालं तर पुन्हा विमानाच्या नंबरावर या.